रेड कार्पेटला आईला घेऊन जायचंय, उभं कुठे राहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एका मोठ्या पिक्चरचा प्रीमियर आहे आणि आईचा लाडका हिरो येणार हे आता नक्की झालंय. आतला पास वगैरे नाही, आम्ही बाहेर बॅरिकेडपाशीच थांबणार. मी एकटी असते तर कशीही घुसले असते, पण आई उंचीने लहान आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून आधी विचारतेय.

व्हिडिओ बघून बघून एवढं लक्षात आलंय की गाडी थांबते तिथपासून लोगोच्या भिंतीपर्यंतचा (जिच्यासमोर स्टार फोटोसाठी उभे राहतात ती) जो पट्टा असतो, तिथेच स्टार लोक फॅन्सकडे वळतात, सही सेल्फी जे काय ते तिथेच. एकदा का फोटोग्राफर आणि मुलाखतवाल्यांच्या रांगेत शिरले की पीआरची माणसं त्यांना पुढे पुढे नेत राहतात आणि मग थेट आत. म्हणजे भिंतीसमोरची जागा लाइटमुळे कितीही भारी वाटली तरी तिथून आपल्याला कॅमेरेवाल्यांच्या पाठीच दिसणार, बरोबर ना? मला तरी गाडीच्या बाजूचा कोपरा जास्त चांगला वाटतोय पण तिथे रेटारेटी किती होते? आईला चेंगरायला नको.

दुसरं म्हणजे वेळ. मोठी नावं बहुतेक शेवटी शेवटी येतात, मग पहिली रांग धरायची तर कितीतरी तास उभं राहायचं, ते तिला झेपणार नाही. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला काही प्रीमियरला आधीच रिस्टबँड (फॅन्सच्या जागेत जायचा मनगटावरचा पट्टा) वाटतात, असं असेल तर मी लवकर जाऊन नंबर लावते, पण रिस्टबँड माणूस समोर असल्याशिवाय देतात का? आणि घडीचं स्टूल सिक्युरिटीवाले आत सोडतात का? फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला तर लोक रेलिंगला चक्क शिड्या साखळीने बांधून ठेवतात, पण ते सगळीकडे चालत नसणार. वयस्कर किंवा अपंग लोकांसाठी वेगळी जागा असते का, आणि असली तर ते कोणाला विचारायचं, थिएटरला की डिस्ट्रिब्युटरला?

सहीसाठी ग्लॉसी फोटो आणि परमनंट मार्कर घेतलाय, त्यावर बॉलपेन उठत नाही. पण सही नाही मिळाली तरी चालेल, आईला तो जवळून धड दिसला पाहिजे, कित्येक वर्षांची इच्छा आहे तिची. घरातल्या मोठ्या माणसांना कोणी असं नेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.