जुन्या स्कीज, भडक सूट आणि हॉटडॉगिंगचा जमाना : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, परदेशात येऊन बर्फाच्या नादी लागलेले आपल्यातले बरेच जण आता साठीच्या अल्याडपल्याड आहेत. दोन मीटरहून लांब सरळसोट स्कीज, गुलाबी-पोपटी सूट, मोगल्सवरचा (उतारावरच्या उंचवट्यांवरचा) हॉटडॉगिंगचा, म्हणजे स्कीवरच्या उड्या-करामतींचा, धिंगाणा, जे आठवेल ते लिहा. ज्यांनी खाली उभं राहून कॉफी पीत नुसतं बघितलं, त्यांनीही लिहा. फक्त "आमच्या वेळची मजाच वेगळी" एवढ्यावर सुटका नाही. काय होतं, कसं होतं, ते हवं. आधी मीच.

डेन्व्हर, कोलोरॅडो

ऐंशीच्या दशकात इथे एमएस करायला आलो. पहिल्याच हिवाळ्यात लॅबमधल्या पोरांनी विंटर पार्क या स्की रिसॉर्टला नेलं. स्की निवडायची रीत सरळ होती: हात वर करा, मनगटापर्यंत पोचली की ती तुमची. माझ्या वाट्याला २०३ सेंटीमीटरची जोडी आली. ती वळवणं म्हणजे घाटात एसटी वळवणं. आधीपासून तयारी ठेवायची आणि मध्येच विचार बदलायचा नाही.

त्या डोंगराची मेरी जेन ही बाजू मोगल्ससाठी प्रसिद्ध. "नो पेन, नो जेन" हे स्टिकर निम्म्या गाड्यांवर असायचं. मोगल्स म्हणजे उतारावरचे बर्फाचे उंचवटे. एकामागून एक माणसं त्याच जागी वळतात, कडेला बर्फ ढकलतात आणि ढीग वाढत जातात. म्हणजे उताराचा आकार स्कीवर ठरतो. लांब स्कीजनी पडलेले मोगल्स गोलसर, ऐसपैस असायचे, त्यांना एक ताल असायचा. १९९३ मध्ये एलान कंपनीने मध्ये बारीक असलेली एससीएक्स ही स्की काढली, पुढे सगळ्याच स्कीज आखूड आणि कमनीय झाल्या आणि मोगल्स तुटक, चिडचिडे झाले. हे माझं रडगाणं नाही. ज्यांनी दोन्ही अनुभवलंय त्यांनी सांगावं.

आमचं फ्रीस्टाइल म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टखालच्या मोगलवरून उडायचं आणि वर बसलेल्यांच्या आरोळ्या घ्यायच्या. डॅफीत एक पाय पुढे, एक मागे, हवेत चालल्यासारखं. स्प्रेड ईगलमध्ये हातपाय फाकवायचे. बॅकस्क्रॅचरमध्ये गुडघे मुडपून स्कीची शेपटं पाठीकडे न्यायची. गुण द्यायला कोणी नाही. उडी चुकली तर आरोळ्या दुप्पट.

एडिसन, न्यू जर्सी

वा! पण बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) राहिलं की. स्की सुटली तर उतारावर पळू नये म्हणून पूर्वी तिला घोट्याशी पट्ट्याने बांधत. पडलं की बाइंडिंग सुटायचं, पट्टा सुटायचा नाही, आणि तुमचीच स्की गरागरा फिरत तुमच्याच डोक्याकडे यायची. सत्तरच्या दशकात स्की-ब्रेक आले, म्हणजे सुटली की आपोआप बर्फात रुतणारे दोन दांडे, आणि हा प्रकार मागे पडला. तरी मला शिकताना कोणाची तरी जुनी जोडी मिळाली होती, पट्ट्यासकट. हनुवटीवरची खूण अजून आहे.

मला आठवण येते ती मागून उघडणाऱ्या बुटांची. सॉलोमनचे एसएक्स! मागचं दार उघडा, पाय सरकवा, खटका मारा. पार्किंगमध्ये वाकून चार बकलांशी झटापट नाही. शर्यतवाल्यांनी नाकं मुरडली, कारण पाऊल पुढून घट्ट धरलं जायचं नाही आणि स्कीला द्यायची सूचना बुटातच मुरायची. नव्वदीत ते जवळजवळ नाहीसे झाले. माझ्यासारख्या दुपारी चॉकलेट प्यायला जाणाऱ्यांचं मत कोणी विचारलंच नाही.

व्हँकूव्हर

कोणीच वेन वाँगचं नाव घेतलं नाही? आमच्या गावचा पोरगा! अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या वॉटरव्हिल व्हॅलीत १९७१ साली पहिली मोठी हॉटडॉग स्पर्धा झाली, तिथून तो गाजला. पांढऱ्या फ्रेमचा मोठा गॉगल, डोक्यावर टोपी, आणि वाँग-बँगर ही त्याची स्वतःची करामत. बर्फाच्या खेळात आपल्यासारखा आशियाई चेहरा पोस्टरवर, याचं मला इथे आल्यावर फार अप्रूप वाटलं होतं.

आणि स्की-बॅले. संगीत लावून, सपाटसर उतारावर, आखूड स्कीज आणि लांब, दणकट काठ्या घेऊन नाचायचं. गिरक्या, पायावर पाय टाकून सरकणं, काठ्यांवर भार देऊन कोलांटी. सूझी चॅफी १९६८च्या ऑलिम्पिकमध्ये डाउनहिल धावली आणि नंतर याच बॅलेची राणी झाली. मी लहानपणी भरतनाट्यम शिकले होते, त्यामुळे टीव्हीवर १९८८चं कॅल्गरी ऑलिम्पिक बघताना मला इतर कुठल्याही शर्यतीपेक्षा हेच आवडलं. प्रदर्शनीय प्रकार होता, म्हणजे खरी पदकं नाहीत, पुरुषांत हेरमान राइटबर्गर आणि बायकांत क्रिस्तीन रॉसी पहिले आले. १९९२ला पुन्हा प्रदर्शनीयच. मोगल्सना त्या वर्षी खरी पदकं मिळाली, एरियल्सना (हवेतल्या कोलांट्यांच्या स्पर्धेला) १९९४ला, आणि बॅले २००० सालापर्यंत विश्वचषकातूनही बाद. लोक हसायचे त्या चमचमत्या पोशाखांना. फिगर स्केटिंगला मात्र कोणी हसत नाही!

सॉल्ट लेक सिटी

ताई, पोशाखांपुरतं तुमच्याशी सहमत. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं विरजण घालतो. सत्तरच्या दशकात उलट्या उड्यांमध्ये मानेला, मणक्याला इतक्या दुखापती झाल्या की विम्याच्या आणि खटल्यांच्या धास्तीने अमेरिकेत त्यांच्यावर बंदी आली होती. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्रीस्टाइलला १९७९ मध्ये आपलं म्हटलं, तेव्हा उडी मारणाऱ्यांसाठी नियम, प्रशिक्षण हे सगळं आलं. "गुण देऊन मजा घालवली" असं म्हणणाऱ्या जुन्या लोकांचे गुडघे माझ्याकडेच येतात.

तरी एक कबूल. इथल्या डीअर व्हॅली या स्की रिसॉर्टचा चेहरा होता नॉर्वेचा स्टाइन एरिक्सन, १९५२च्या ओस्लो ऑलिम्पिकमधला जायंट स्लालमचा सुवर्णविजेता. अंग ताठ ठेवून, हात पसरून तो स्कीवर कोलांटी घ्यायचा, तेही पन्नासच्या दशकात, लेदरच्या बुटांत. मी त्याला फक्त म्हातारपणी, संथ उतरताना पाहिलं. पाय असे जुळलेले की मधून कागद जाणार नाही. २००२च्या ऑलिम्पिकमध्ये त्याच डोंगरावर मोगल्सच्या स्पर्धेत अमेरिकेच्या जॉनी मोझलीने "डिनर रोल" ही उडी मारली, मी गर्दीत होतो. पाय डोक्यावर नेणं मोगल्समध्ये तेव्हा निषिद्ध, म्हणून पठ्ठ्या आडवाच फिरला, दोन वेळा. गर्दी वेडी झाली आणि तो चौथा आला. तेव्हा मीही पंचांच्या नावाने ओरडलोच.

पुणे

तुम्ही सगळे लिफ्टवाले. आम्ही ऐंशीच्या दशकात गुलमर्गला कोर्स केला. पहिले दिवस पायांनीच उतार चढायचा, आडव्या पावलांनी, आणि एका मिनिटात खाली. गंडोला, म्हणजे तारेवरून वर नेणारी केबिन, १९९८ नंतरची. आम्हाला मिळालेल्या स्कीज कुठल्या देशातून किती हात फिरून आल्या होत्या देव जाणे, दोन्हींवर वेगवेगळे रंग. लेदरचे बूट संध्याकाळी बुखारीजवळ (काश्मिरी शेगडीजवळ) ठेवायचे आणि सकाळी ते पायाला ओळख द्यायचे नाहीत. एका दुपारी कोणी परदेशी पाहुणा आमच्या उतारावर आला, उडाला, हवेत पूर्ण गिरकी घेतली आणि निघून गेला. आमचे काश्मिरी उस्ताद शांतपणे म्हणाले, "पहले रुकना सीखो."

ओस्लो (वय ३१, माफ करा)

मी सॉलोमनच्या टेन-एटीनंतरच्या पिढीतली. १९९८ची, दोन्ही टोकं वळलेली, उलटं उतरता येणारी स्की. माझ्यासाठी तीच 'जुनी' आहे. पण वसंतात इथे रेट्रो दिवस असतात, तेव्हा आईचा १९८७चा निऑन सूट घालते. खांद्यांत एवढं पॅडिंग आहे की पडले तरी लागत नाही. आईच्या स्कीज आणि बूटही माळ्यावर आहेत. घालून बघू का?

डेन्व्हर, कोलोरॅडो

सूट खुशाल घाल. बूट अजिबात नको. जुन्या बुटांचं प्लास्टिक वरून धडधाकट दिसतं आणि थंडीत पाऊल टाकताच तडकून तुकडे होतात. बाइंडिंगचंही तसंच. कंपन्या जी मॉडेल्स अजून आपली मानतात त्यांची यादी दरवर्षी काढतात, यादीबाहेरच्याला दुकानदार स्क्रूड्रायव्हरही लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. स्कीज भिंतीवर लाव, आणि खांद्याच्या पॅडिंगसकट फोटो इथे टाक. एडिसनकर, तुमचे एसएक्स अजून असतील तर त्यांचाही.