आंघोळ संपता संपता आजी-आजोबांचे तोल का जातात?

प्रश्न:
एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात सेविकांच्या कामावर मी देखरेख करते. न्हाणीघरात रबरी चटया आणि आधारदांडे आहेत, फरशीही खरखरीत आहे. तरीही येथील आजी-आजोबांचे तोल जातात ते आंघोळ संपता संपता, खुर्चीवरून उठताना. आमचे नेमके काय चुकते आहे? आणि जे स्वतःहून आंघोळ करू शकतात, त्यांच्याजवळही कोणी थांबायलाच हवे का?

फिजिओथेरपिस्ट:
आपण सांगितलेल्या वेळेतच बरेचसे उत्तर आहे. गरम पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, बराच वेळ बसल्यामुळे रक्त पायांकडे साचते, आणि त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असली, तर उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर डॉक्टरांकडून औषधे तपासून घ्यावीत. पाणी कोमट ठेवावे, जेवणानंतर लगेच आंघोळ घालू नये, आणि अंग पुसणे व वरचे कपडे घालणे बसल्या जागीच उरकावे. पावले थोडा वेळ वरखाली हलवून मगच उठवावे. घाई होते ती नेमकी इथेच, कारण पुढचा माणूस बाहेर ताटकळत असतो.

परिचारिका:
माझ्या मते खुर्चीकडेही पाहायला हवे. तळवे जमिनीवर सपाट टेकतील एवढीच तिची उंची असावी, आणि चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक लावल्याची खात्री करावी. पायांना साबण लावायला आजी स्वतः वाकल्या की अंगाचा भार पुढे झुकतो. ते काम सेविकेने खाली बसून करावे. टॉवेल आणि कपडे आधीच हाताशी ठेवावेत, कारण ते आणायला पाठ वळते तेवढ्यातच माणूस उठू पाहतो. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचा भार पेलत नाही, हे मात्र सगळ्यांना बजावून ठेवावे.

स्वावलंबी व्यक्तींचा संकोच मीही समजू शकते. त्यांच्यासाठी पडद्याबाहेर थांबावे, दाराला आतून कडी नसावी, आणि उठण्यापूर्वी हाक मारायचे ठरवून घ्यावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना मात्र ठरवलेले आठवेलच असे नाही, म्हणून त्यांना एकटे सोडू नये. डोक्यावर पाणी घेताना ते घाबरत असतील, तर हँडशॉवरने पायांपासून सुरुवात करावी आणि केस दुसऱ्या दिवशी धुवावेत.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. तोल जाताना सेविका दंड धरून ओढतात, हे योग्य आहे का?

फिजिओथेरपिस्ट:
नाही. ओला दंड हातातून सटकतो आणि खांद्याला इजा होते. कमरेला आधारपट्टा बांधून तो धरावा, आणि तोल सावरणे शक्य नसेल तर स्वतःच्या अंगाच्या आधाराने व्यक्तीला हळूहळू जमिनीवर बसवावे. पडल्यावर लगेच उचलू नये. आधी डोके, मान आणि खुबा तपासावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर व्यक्ती ठीक दिसली तरी डॉक्टरांना तत्काळ कळवावे.