मदत हवी आहे: सेकंडहँड एचओ मॉडेल रेल्वे इंजिन, दिवा लागतो पण डीसीसीवर जागचं हलत नाही

रूळकरी:

इंजिन एसडी४०-२, एचओ (१:८७), सहा ॲक्सलचं. आत ८ पिनांचा सॉकेट (एनईएम ६५२) आणि त्यात बिनआवाजाचा साधा डिकोडर (हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारं सर्किट). आधीच्या मालकाने काय सेट केलं होतं, त्याचा कागद सोबत आलेला नाही.

डीसीसीवर (रुळांतून प्रत्येक इंजिनाच्या पत्त्यावर डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत), पत्ता ३: एफ० (दिव्याचं बटण) दाबलं की पुढचा दिवा लागतो, परत दाबलं की विझतो. थ्रॉटल शेवटपर्यंत फिरवला तरी इंजिन ढिम्म, मोटरची गुणगुणसुद्धा नाही. दिशा बदलली तरी पुढचाच दिवा, मागचा लागतच नाही.

साध्या डीसीवर: ६ व्होल्टपर्यंत काही नाही, मग एकदम सुटतं आणि दोन्ही दिशांना नीट पळतं. फक्त सांध्यावर (रूळ बदलण्याच्या जागी) अडतं, बोटाने ढकललं की पुढे जातं.

प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंग वाचण्या-लिहिण्याचा वेगळा रूळ) सीव्ही, म्हणजे डिकोडरमधली क्रमांकवार सेटिंग्ज: सीव्ही १ = ३, सीव्ही २९ = ६ असं पहिल्या फटक्यात वाचता येतं. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आहेत. दुसरं इंजिन त्याच रुळांवर बिनतक्रार चालतं.

डिकोडर गेलाय का? आणि मागचा एलईडीही बदलावा लागेल का?

सोल्डरवाला:

दिवा लागतो पण मोटर गप्प, म्हणजे डिकोडरचं मोटरचं आउटपुट उडालं असणार. नवा घालण्याआधी मोटर मात्र तपासा, नाहीतर तोही जाईल. डिकोडर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा. सॉकेटचं १ नंबरचं भोक (नारिंगी) आणि ५ नंबरचं (राखाडी) ही मोटरची दोन टोकं. त्यांपैकी कुठल्याही टोकाचा चाकांशी किंवा चॅसीशी संबंध लागता कामा नये. जुन्या डीसी इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट चॅसीवर टेकलेला असतो आणि तसंच कुणी डिकोडर बसवला असेल तर तो जळतो. आपसात १ आणि ५ मध्ये साधारण १० ते ४० ओहम दिसतील. १२ व्होल्टला त्या आकड्याने भागलं की मोटर अडकल्यावर किती करंट ओढेल ते कळतं. ते डिकोडरच्या मर्यादेच्या आत हवं, एचओच्या डिकोडरला ती बहुधा १ अँपियर असते.

किंवा आधी सीव्ही ८ मध्ये ८ लिहून रीसेट करून बघा.

डबलहेडर:

थांबा, रीसेट नको आणि नवा डिकोडरही नको. मोटर तपासण्याची पद्धत बरोबर आहे, पण इथे तिची गरज नाही. डीसीवर इंजिन पळतंय ना? तिथेही करंट डिकोडरमधूनच मोटरला जातो. आउटपुट जळलं असतं तर डीसीवरही हललं नसतं. (६ व्होल्टला उशिरा सुटणं हा दोष नाही, तेवढ्याशिवाय डिकोडर जागाच होत नाही.) शिवाय सीव्ही वाचता येतात. वाचताना डिकोडर मोटरला क्षणभर झटका देऊन निदान ६० मिलिअँपियर ओढतो आणि तोच त्याचा ‘होकार’ असतो. मोटर तुटलेली असती तर वाचनच फसलं असतं.

तेव्हा हा सेटिंगचा घोळ आहे. सीव्ही १९ वाचलात का? दोन-तीन इंजिनं एकत्र जोडून चालवताना कन्सिस्टचा पत्ता तिथे लिहितात. तिथे शून्य सोडून काही असलं की डिकोडर स्वतःच्या पत्त्यावर आलेला वेग आणि दिशा दोन्ही कानाआड करतो, पण एफ० मात्र ऐकतो. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत. दिशा ऐकतच नाही म्हणून दिवाही बदलत नाही. एक सांगा, डीसीवर उलट चालवताना मागचा दिवा लागतो का? लागत असेल तर एलईडीला हात लावू नका.

आणि रीसेट का नको? आधीच्या मालकाने वेग आणि मोटरचा कंट्रोल जुळवून ठेवला असेल, तर ते सगळं पुसलं जाईल. आधी सीव्ही २ ते ६, २९ आणि १९ वाचून कागदावर उतरवा.

फिशप्लेट:

सीव्ही १९ ला अनुमोदन. सांध्याचा प्रकार मात्र वेगळा. सांध्यातला फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लॅस्टिकचा असला तरी सहा ॲक्सलचं इंजिन त्यावर अडायला नको. एक बोगी (इंजिनाखालचा तीन ॲक्सलचा चाकांचा संच) फ्रॉगवर असताना दुसरीने वीज उचलायची असते. अडतंय म्हणजे एक बोगी एका बाजूने मुकी आहे.

डिकोडर काढून मल्टीमीटर बीपवर लावा. उजवी सगळी चाकं ८ नंबरच्या भोकाशी (लाल), डावी ४ शी (काळी) एकेक करून तपासा. बोगी हाताने दोन्ही टोकांना वळवूनही बघा, कारण अर्धवट तुटलेली वायर सरळ असताना बीप देते आणि वळणावर सोडते. रबरी टायर असलेलं चाक बीप देणार नाही, ते सोडून द्या.

दुरुस्तीला ३० किंवा ३२ गेजची मऊ सिलिकॉन वायर आणि २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरे. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत दोन्ही मिळतात. डाग द्यायच्या जागेवर आधी फ्लक्स, मग दोन सेकंदांत काम उरका, जास्त टेकवलंत तर बोगीचं प्लॅस्टिक वितळतं. वायरला ढील ठेवा. चाकामागच्या पितळी पट्ट्यांवर तेल घालू नका, त्यावर कार्बनचा काळा चिखल जमतो. पट्टी चाकाला जेमतेम टेकावी, घट्ट दाबली तर ब्रेकच लागतो.

रूळकरी:

डीसीवर उलट चालवलं, मागचा दिवा लागला! आणि सीव्ही १९ मध्ये १४० आहे. कन्सिस्टचा पत्ता १२७ पर्यंतच असतो ना?

डबलहेडर:

१२८ वजा करा, उरले १२. तोच पत्ता. वरचे १२८ म्हणजे ‘या कन्सिस्टमध्ये हे इंजिन उलटं धावतं’. आधीचा मालक ते दुसऱ्या इंजिनाला पाठ लावून चालवत असणार. काही बदलण्याआधी थ्रॉटलवर १२ लावून पुढे न्या, इंजिन मागे जाईल. मग सीव्ही १९ मध्ये ० लिहा.

रूळकरी:

१२ वर खरंच मागे गेलं. ० लिहिल्यावर आता ३ वर दोन्ही दिशांना चालतंय, दिवेही दिशेप्रमाणे बदलतात. मागच्या बोगीच्या डाव्या तिन्ही चाकांना बीप नव्हता. वायर वरून धड दिसत होती, पण पिना लावून हलवल्यावर डागाखालून सुटलेली निघाली. नवा डाग दिल्यावर ०.६ ओहम. एकच राहिलं, डिकोडर परत लावताना प्लगवर कुठलीच खूण दिसत नाही.

सोल्डरवाला:

माझा अंदाज चुकला. प्लगची नारिंगी वायर सॉकेटच्या १ नंबरवर. उलटा बसला तरी जळत नाही. दिवे लागत नाहीत आणि इंजिन उलट्या दिशेला जातं, एवढंच. तसं झालं तर काढून फिरवून लावा. बॉडी बसवताना वायरी मोटरच्या फ्लायव्हीलपासून दूर कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) चिकटवा, घासून सोलल्या तर मग डिकोडर खरोखर जाईल.