प्राथमिक शाळेच्या क्रीडा अनुदानाचे ५,००० रुपये नेमके कशावर खर्च करावेत?

प्रश्न (पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती):
आमच्या गावची जिल्हा परिषद शाळा पहिली ते चौथीपर्यंतची असून पट ६२ आणि शिक्षक दोन आहेत. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला जास्तीत जास्त ५,०००, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० आणि माध्यमिक शाळेला २५,००० रुपये मिळू शकतात. म्हणजे पूर्ण रक्कम मिळाली तरी आमच्याकडे एका मुलामागे ८० रुपयांच्या आसपास पडतात. मागच्या खेपेस एका पुरवठादाराकडून तयार संच घेतला होता. त्यातली बॅट चौथीच्या मुलालाही नीट पेलत नाही, एकुलता एक फुटबॉल बाभळीच्या काट्याने पहिल्याच महिन्यात बसला आणि कॅरम बोर्ड कपाटामागे उभा आहे. यंदा समितीने आधी विचार करून ठराव करावा, असे मला वाटते. काय घ्यावे, आणि क्रीडाशिक्षक नसताना ते मुलांकडून वापरून कोणी घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ (निवृत्त क्रीडाशिक्षक):
खेळांचे प्रकार वाढवण्यापेक्षा नगांची संख्या वाढवा. एका चेंडूमागे तीस मुले असली, की त्यांतली निम्म्याहून अधिक तासभर नुसती उभी असतात, आणि बहुतेक वेळा त्यांत मुलीच जास्त असतात. म्हणून लहान रबरी चेंडू दोन डझन घ्या. सुताची जाड दोरी किलोवर मिळते. ती मुलांच्या उंचीप्रमाणे कापून टोकांना गाठी मारल्या, की दोरीउड्यांच्या दोऱ्या तयार होतात. रिंगा, फक्की (मैदान आखायची पांढरी पूड) आणि एक चांगली शिट्टी एवढ्यावर पहिली-दुसरीचे वर्ष निघते. या वयात फेकणे, झेलणे, धावता धावता वळणे आणि एका पायावर तोल सांभाळणे एवढे जमले, की पुढचा कोणताही खेळ शिकवता येतो. लंगडीसारखा व्यायाम तर फुकटच आहे.

तिसरी-चौथीसाठी खो-खो घ्या. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्यात बांधले गेले आणि त्याला आजही दोन खांबांपलीकडे फारसे काही लागत नाही. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचे असते, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ते आखडून आखायला काहीच हरकत नाही. मात्र त्याआधी मैदान वेचून घ्या. दगड आणि काटे तसेच ठेवून चेंडू विकत घेणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय.

उत्तर २ (मुख्याध्यापक, द्विशिक्षकी शाळा):
वरील सूचना पटतात, तरी एक अडचण कागदाची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारा) आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी आणि तोही पट १०० च्या वर असेल तरच. त्यामुळे पहिली ते चौथीचा खेळाचा तास वर्गशिक्षकालाच घ्यावा लागतो, आणि शिष्यवृत्ती परीक्षेची किंवा कसल्याशा ऑनलाइन माहितीची घाई आली, की पहिला बळी त्याच तासाचा जातो. मीही हे केलेले आहे.

दुसरे म्हणजे, साहित्य कपाटात का राहते, याचा कधी विचार केला आहे का? ते साठा नोंदवहीत चढते, आणि चेंडू फुटला तर तपासणीत काय उत्तर द्यायचे, ही धास्ती शिक्षकाला असते. म्हणून चेंडू, दोऱ्या, फक्की या वापरून संपणाऱ्या वस्तू आहेत, असे समितीने ठरावातच लिहावे आणि झिजलेल्या साहित्याचे निर्लेखन, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर कमी करणे, दरवर्षी करावे. आमच्याकडे असा ठराव झाल्यावर पेटीची किल्ली चौथीच्या मुलांच्या हाती गेली आणि पेटी रोज उघडू लागली.

मैदानासाठी या ५,००० ला हात लावू नका. सपाटीकरण आणि कुंपण शाळा विकास आराखड्यात लिहा, तोच मुद्दा ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यासाठी ग्रामसभेत मांडा, आणि क्रीडांगण विकासाच्या अनुदानाची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा.

उत्तर ३ (लेस्टर, इंग्लंड येथील पालक):
इकडची रक्कम ऐकून कोणी हिरमुसू नये, कारण मला सांगायचे आहे ते पैसा भरपूर असताना काय होते याविषयी. लंडन ऑलिंपिकनंतर २०१३ पासून इंग्लंडमधील प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी सुरू झाला, आणि २०१७ मध्ये साखरयुक्त पेयांवरील कराच्या आधाराने तो दुप्पट करून वर्षाला ३२ कोटी पौंड केला गेला. सतरा किंवा अधिक मुलांच्या शाळेला १६,००० पौंड आणि शिवाय प्रत्येक मुलामागे १० पौंड, असे त्याचे सूत्र होते.

एवढे असूनही पुष्कळ शाळांनी सोपी वाट धरली. बाहेरचा प्रशिक्षक तासावर बोलवायचा आणि त्या वेळात वर्गशिक्षकाने वह्या तपासायच्या. प्रशिक्षक गेला, की शिकवणारे कोणी उरत नसे. हा निधी शिक्षकांची स्वतःची तयारी वाढवण्यासाठी आणि पुढेही टिकेल अशा सुधारणेसाठी आहे, असे सरकारी सूचनांमध्ये वारंवार बजावावे लागले, ते उगाच नव्हे. एक नियम मात्र उचलण्यासारखा वाटतो. पैसे कशावर गेले आणि त्यातून काय साधले, हे शाळेला संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. सहावीअखेर किती मुलांना २५ मीटर पोहता येते, हेही त्यात असते. तुमच्याकडे संकेतस्थळाची गरज नाही, शाळेचा फळा पुरे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. यंदा तयार संच घ्यायचा नाही, चेंडू आणि दोऱ्या वापरून संपणाऱ्या वस्तू म्हणून नोंदवायच्या, आणि दोन्ही शिक्षकांनी शेजारच्या हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांकडे चार शनिवार जाऊन खो-खो आणि लेझीम पाहून घ्यायचे, असा मसुदा मी समितीपुढे ठेवणार आहे. बाई तयार आहेत, गुरुजी अजून हसून टाळत आहेत. खेळाचा तास किती वेळा झाला आणि किती वेळा बुडाला, हे महिन्याअखेर फळ्यावर लिहायचे, हेही मसुद्यात घातले आहे. मैदान वेचण्यासाठी पहिला रविवार ठरला असून बाभळी तोडायला कुऱ्हाड मी आणणार आहे.