फुटबॉल क्लबची फी थकली, लेखी काहीच नाही. मागता येते का?

पेठेतला खजिनदार
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली काही जण मिळून लहान पोरांचा फुटबॉल क्लब चालवतो. सराव गांधी मैदानावर. महिन्याला ८०० रुपये फी, त्यातनंच कोचचं मानधन आणि चेंडू भागतात. फॉर्म कुणाकडनंच घेतला नाही. सगळी ओळखीची घरं. फी तोंडी सांगायची, पालक हो म्हणायचे.

एका पालकानं जानेवारी ते मार्च फोनवरनं पैसे पाठवले. एप्रिल ते नोव्हेंबर पोरगं सरावाला येत राहिलं, पैसे मात्र आले नाहीत. ६,४०० झाले. डिसेंबरात पोरगं दुसऱ्या क्लबात गेलं. वडील म्हणतात, "मी कुठं सही केलीय? कागद दाखवा."

काही जण म्हणतात सोडून द्या, काही म्हणतात पोराला मैदानात अडवा. मला दोन्ही पटत नाही. कोचचं घर या पैशावर चालतं. आणि भाजीची गाडी लावणारी एक माउली दर महिन्याला न चुकता ८०० आणून देते, तिला मी काय तोंड दाखवू?

निवृत्त नाझर
खजिनदार साहेब, सही नाही म्हणून देणं बुडत नाही. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो. प्रश्न फक्त पुराव्याचा. तुमच्याकडं पहिल्या तीन महिन्यांचे ८०० चे व्यवहार आहेत, म्हणजे दर त्यांना मान्य होता हे दिसतं. पुढं पोरगं येत राहिलं याला हजेरीवही आणि कोचची साक्ष. व्हॉट्सॲपवर "पुढच्या आठवड्यात देतो" असं काही असेल तर पुसू नका, फोनही बदलू नका.

पोरगं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं आहे, त्याच्याशी करार होतच नाही. मागणी वडिलांकडं करायची. दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं, आणि ती प्रत्येक महिन्याच्या फीची वेगळी मोजायची.

क्लब नोंदणीकृत आहे का, हे आधी बघा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर अध्यक्ष किंवा सचिवाच्या नावानं दावा लावता येतो. नसेल तर नुसत्या क्लबच्या नावानं दावा टिकणं अवघड. पण एवढ्या रकमेसाठी दावा कशाला? कसबा बावड्यात न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं दावापूर्व अर्ज द्या, म्हणजे दावा न लावताच प्रकरण लोक अदालतीत तडजोडीला ठेवता येतं. तिथं तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा जोर असतो, वर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र तिथं जबरदस्ती होत नाही.

गोलकीपरची आई
मी पालकांच्या बाजूनं बोलते. पावसाळ्यात गांधी मैदानात तळं होतं, सराव बंद असतो. त्या महिन्यांची फी कशी मागता? आमच्या क्लबात याच्यावरनंच भांडण झालं होतं. आणि कृपा करून ग्रुपवर त्या वडिलांचं नाव टाकू नका. पोरं ते वाचतात. शाळेत त्या लेकराला तोंड लपवायची पाळी येते.

पेठेतला खजिनदार
ताई, बरोबर बोललात. हजेरीवही काढून बसलो. जुलै-ऑगस्टात सराव जवळजवळ झालाच नाही. ते दोन महिने सोडतो, ४,८०० राहतात. ग्रुपवर एक शब्द टाकणार नाही.

नाझर साहेब, क्लबची नोंदणी नाही. महिनावार हिशोब लिहून स्पीड पोस्टानं पाठवतोय, वर एकदा घरी जाऊन बोलतो. हप्त्यानं देतो म्हणाले तर?

निवृत्त नाझर
घ्या की. फक्त "इतके देणे बाकी आहे" असं त्यांच्याकडनं लिहून, सही आणि तारीख घ्या. मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की मुदत त्या दिवसापासनं नव्यानं सुरू होते. दर हप्त्याला पावती द्या, स्थळप्रतीवर त्यांची सही घ्या. आणि जूनच्या आधी बाकी सगळ्या पालकांकडनंही एक पानाचा फॉर्म भरून घ्या: फी किती, किती तारखेपर्यंत, पावसात सराव बंद राहिला तर काय, आणि पोरगं मधेच सोडून गेलं तर काय.