प्रतिसाद: आधी सावंतवाडी बघा
कोकणात डिझाइनचं काही बघायला मिळत नाही, मुंबई-पुणंच गाठावं लागतं असं वर म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात जा, तिथे कारागीर हाताने गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवत बसलेले असतात, अगदी जवळून बघता येतं. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी १२, त्यात राजा आणि प्रधान सोडले तर बाकीच्यांवर नुसती चिन्हं, मत्स्याला मासे, परशुरामाला परशू, आणि एवढ्याशा गोलात एक मासा असो की दहा, मांडणी कुठेच कोंदट वाटत नाही, लोगो करणाऱ्यांनी तर वही घेऊनच जावं.

आणि हो, कुडाळजवळचं पिंगुळीही सोडू नका, ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथल्याच, तिथले कलाकार परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी.