संधिवात आणि पूरक उपचार : खान्देशातील अनुभव

शेक, तेल, काढे, योगासने यांपैकी आपण काय केले, किती काळ केले आणि त्या काळात डॉक्टरांचे औषध चालू होते की बंद, हे लिहावे. वयोमानाने झिजलेला गुडघा आणि आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) यांची नेहमी गल्लत होते. म्हणून निदान आधी सांगावे. वाचकांचे अनुभव त्यांच्या गावाच्या नावाने पुढे दिले आहेत.

चोपडा. मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस असून त्यावरील मेथोट्रेक्सेट या औषधाची गोळी आठवड्यातून एकदाच घेते. हिवाळ्यात आम्ही अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर जातो. त्या पाण्याने बोटांचा ताठरपणा सैल होतो, मूठ मिटते. पण हा आराम तेवढ्यापुरताच, रक्ततपासणीतील ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारा आकडा) त्याने उतरत नाही. सांधा लाल आणि गरम असेल तेव्हा मात्र मी शेक टाळते.

धुळे. सासूबाईंना कोणीतरी नाव नसलेल्या पुड्या आणून दिल्या. दुखणे इतक्या झटपट थांबले, की घरात सगळ्यांना ती जडीबुटीची किमया वाटली. पुढे चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, रक्तातील साखर चढली आणि दंडावर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असावे अशी शंका घेतली. आम्ही पुड्या त्याच दिवशी फेकायला निघालो होतो, पण त्यांनी थांबवले. स्टिरॉइड बाहेरून दीर्घकाळ मिळत राहिले, की शरीरातील अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी, ज्या एरवी स्वतःच स्टिरॉइड तयार करतात, आपले काम मंदावतात, आणि ते अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. त्यामुळे त्यांनी मोजूनमापून स्टिरॉइडची गोळी सुरू केली व ती हळूहळू उतरवत नेली.

अमळनेर. हळदीविषयी थोडे. वरणाभाजीतील हळदीला कोणाचीच हरकत नाही. कॅप्सूलची गोष्ट वेगळी, कारण एरवी आतड्यातून फारसे न शोषले जाणारे करक्यूमिन (हळदीतील मुख्य घटक) त्यात मिरीच्या अर्कासह भरलेले असते, आणि अशा कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मला मेथोट्रेक्सेटमुळे यकृताची तपासणी आधीच नियमित करावी लागते, म्हणून डॉक्टरांना विचारून मी ती कॅप्सूल बंद केली.

शहादा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात), वय तिशीच्या आत. या आजारात विश्रांतीने पाठ अधिक आखडते आणि हालचालीने मोकळी होते, त्यामुळे पहाटेची आसने आणि दीर्घ श्वसन हा माझ्या उपचाराचाच भाग आहे. गावातील हाडवैद्याकडे मान ‘मोडून’ घ्यायला मी ठाम नकार दिला, कारण मणके एकमेकांना जुळत गेलेला कणा ठिसूळ होतो व झटक्याने मोडू शकतो. पाहुण्यांना हे पटत नाही, ते असो.

भुसावळ. मला गाउट (युरिक अॅसिड साचून होणारा संधिवात) आहे. इंटरनेटवर सुचवलेली चेरी आमच्या बाजारात आणायची कुठून? मद्य आणि कलेजी सोडली, युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी चालू आहे. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले, की पायाचा अंगठा ठणकू लागतो.